पाहणीच्या दिवशी

आमच्या वस्तीसमोर सहा पदरी हमरस्ता आहे आणि बसथांबा पलीकडे. ज्यानं तो तिकडे ठेवला त्याला मला एकदा भेटायचंय. भांडणार नाही, फक्त सकाळी सातला हात धरून रस्ता ओलांडायला लावीन. पादचारी पूल आहे, पण दीड किलोमीटर लांब. म्हणून सगळे दुभाजकाच्या फटीतून पळत जातात, सायकलवाले सायकल उचलून. दोन वर्षांपूर्वी माझ्या नणंदेला तिथेच मोटारीनं उडवलं. वन्सं वाचल्या, डावा पाय मात्र वाकडा जुळला. त्यांना आता पळता येत नाही आणि नोकरी सोडताही येत नाही. आम्ही दोघी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुतो.

त्या फटीपाशी सिग्नल हवा, एवढंच माझं मागणं. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, रस्ते खात्याच्या पायऱ्या झिजवल्या. तिथला इंजिनीअर पहिल्याच भेटीत म्हणाला, "तुम्हा लोकांना शिस्तच नाही. कुठूनही घुसता. सिग्नल लावून काय उपयोग?" ते माझ्या जिव्हारी लागलं. इतकं की अक्कल गहाण पडली.

शेवटी पत्र आलं. येत्या मंगळवारी सकाळी सहा ते दहा खात्याची माणसं त्या जागेची पाहणी करणार. पाहणी म्हणजे नेमकं काय, ते लिहिलं नव्हतं, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. मला एकच दिसत होतं, त्या इंजिनीअरचं तोंड बंद करायचं.

सोमवारी मी दारोदार फिरले. "उद्या फटीतून कुणी गेलं तर माझ्याशी गाठ आहे," म्हणून सांगितलं. "सगळ्यांनी पुलावरून जायचं, रांगेत. सायकली हातात धरून. दिसू दे त्यांना, आपण माणसं आहोत, गुरं नाही." लोक ऐकतात माझं. माझ्या तोंडाला भितात म्हणा हवं तर.

वन्सं म्हणाल्या, "अगं, मला पुलाच्या पायऱ्या नाही जमायच्या. मी हळूच फटीतून जाते ना."

"तुम्हीच गेलात तर बाकीचे कशाला ऐकतील?" मी म्हणाले. "एक दिवस कळ काढा."

मंगळवारी सगळी वस्ती तास-तास आधी निघाली. रंगारी, गवंडी, कॉलेजच्या मुली, भाजीवाली टोपली घेऊन, सगळे पुलावरून. वन्सं कठडा धरत, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत चढल्या. त्यांना पाऊण तास लागला. फटीपाशी पिवळी जाकिटं घातलेली दोन माणसं खुर्च्या टाकून बसली होती. त्यांच्यासमोरून रांगेनं पुलाकडे जाताना माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. दुपारपर्यंत वन्संचा पाय सुजून भोपळा झाला, तरी त्या हसत म्हणाल्या, "तुझी शिस्त माझ्या गुडघ्यात शिरली बघ."

महिन्यानं उत्तर आलं. चार तासांत सदर ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्या व्यक्ती तीन. मागणी नामंजूर.

वन्संना घेऊन मी तडक खात्यात गेले. इंजिनीअरनं कागद माझ्यापुढे सरकवला. सिग्नलसाठी तासाला शंभर माणसं लागतात. ती जाकिटवाली माणसं डोकी मोजत होती.

"अहो, रोज पाचशे माणसं जातात तिथून," मी म्हणाले. "तुम्ही शिस्त नाही म्हणालात, म्हणून मी सगळ्यांना पुलावरून नेलं."

"म्हणजे पुलावरून जाता येतं," तो शांतपणे म्हणाला. "मग अडचण काय आहे?"

मी कागद त्याच्याकडे परत सरकवला.

"पुन्हा मोजा," वन्सं म्हणाल्या.

"तीन वर्षांनी. नियम आहे." मग त्याला बहुधा आमची दया आली. फाइल चाळून तो म्हणाला, "दुसरी एक वाट आहे. एकाच जागी तीन वर्षांत तीन मृत्यू झाले, तर मोजणी लागत नाही. थेट मंजुरी. तुमच्याकडे दोन आहेत."

वन्संनी पायाकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"जखमी त्यात धरत नाहीत, बाई."

वस्तीत मी एवढंच सांगितलं की नकार आला, चूक माझी आहे. कुणी रागावलं नाही, याचाच मला जास्त त्रास झाला. तीन मृत्यूंचा नियम मात्र मी कुणाला सांगितला नाही. वन्सं तर त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा फटीतून जायला लागले, आम्हीही. मी वन्संचा दंड धरते आणि गाडी थांबेपर्यंत ड्रायव्हरला शिव्या घालते.

परवा मला सुट्टी होती, वन्सं एकट्याच कामाला गेल्या होत्या. संध्याकाळी यायला त्यांना तासभर उशीर झाला. मी दारात उभी होते. रस्त्यावर गाड्या खोळंबून हॉर्न वाजत होते, आणि माझ्या मनात आलं, तीन झाले, आता सिग्नल मिळेल. आधी हे आलं. वन्सं त्यानंतर आठवल्या.

थोड्या वेळानं त्या लंगडत आल्या. बस बंद पडली होती म्हणाल्या. मी त्यांच्यावर खेकसले, कुठे होतात इतका वेळ, म्हणून. त्यांना वाटलं मी काळजीनं चिडलेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.