सतराव्या हुकावरची किल्ली

माझ्यावर चाळीस हूक आहेत. किल्ल्या काढता-लावताना घासून घासून प्रत्येक हुकाखालच्या रंगात एक बारीक कोर उमटली आहे. सर्वांत खोल कोर दोन मिलिमीटर भरेल. सतराव्या हुकाखालचा रंग मात्र जसाच्या तसा आहे.

मित्रांनो, शहरातली राहती घरे विकून देणाऱ्या एका ऑफिसातला मी जुना किल्ल्यांचा फळा. किल्ल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून सुताराने दोन हुकांत बरोबर सहा सेंटिमीटर अंतर ठेवले. विकायला काढलेल्या घरांच्या किल्ल्या मालक आमच्याकडे ठेवत. पाच जणांचा चमू होता आणि त्यांची प्रमुख होती ताई. तिचा नियम कडक होता. मालकाने फोनवर हो म्हटल्याशिवाय किल्ली हलायची नाही.

"दुसऱ्याचं घर आहे ते. आपली मावशी नाही राहत तिथं," ती म्हणे.

"मग फळ्यापुढं चपला काढूनच उभा राहतो," असे बडबड्या म्हणे. हा तिचा सर्वांत जुना सहकारी. सगळे हसत, पण नियम पाळत. कुणाच्या घरातला चमचासुद्धा कधी हरवला नाही. लोक ताईचे कौतुक करत, तेव्हा मलाही आपण भिंतीपेक्षा उंच आहोत असे वाटे.

मग एक काका आले. एकटेच राहत. घर विकून लेकीजवळ जायचे होते. सतराव्या हुकावर किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने अडकवली.

"मला कमी ऐकू येतं, पोरी. बेल वाजवा. नाहीच उघडलं तर सरळ आत या."

"येऊ, काका. पण आधी फोन करू हं," ताई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात घर दाखवायचे म्हणून ताईने फोन केला, तर काकांनी तो उचलला नाही. "ऐकू आलं नसेल," बडबड्या म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "लेकीकडं गेले असतील." तिसऱ्या दिवशी ताईने किल्लीला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले, 'मालक फोन घेत नाहीत. घर दाखवणे बंद.' आणि ती दुसऱ्या घरांच्या मागे लागली.

नवव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार तोडले. काका न्हाणीघरात पडले होते. पहिले तीन-चार दिवस ते जिवंत असावेत, असे डॉक्टर म्हणाले.

त्याला दोन वर्षे झाली. आता दारांना आकड्यांची कुलुपे आली आणि मी रिकामा झालो. माझ्यावर धूळ बसली. फक्त सतरावी किल्ली राहिली. पंखा फिरला की ती हलते आणि माझ्यावर टिकटिकते. कुणी आतून दार वाजवावे तशी. बोलता बोलता ताई माझ्याकडे पाहते. एकदा बडबड्याने विचारले, "ही टाकून देऊ का?"

"हात लावू नकोस."

बडबड्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

मित्रांनो, नियम माणसांच्या काळजीपोटी केलेले असतात. आतून उत्तर येत नसेल, तर एकदा त्या दारापर्यंत जाऊन या. मला पाय नव्हते. ज्यांना होते, त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

आज सकाळी काकांची लेक आली. ते घर आता तिला विकायचे होते.

"आधी येववलंच नाही," ती म्हणाली. "घर विकण्यावरून मी बाबांशी भांडले होते. रुसून पंधरा दिवस फोन केला नाही. शेवटी दार तोडावं लागलं. किल्ली कुणाकडंच नव्हती ना! माझ्याकडं असायला हवी होती. मी असते तर..."

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," बडबड्या म्हणाला आणि त्याने ताईकडे पाहिले.

ताईने फॉर्म बाजूला सारला. ती उठली, माझ्याजवळ आली. किल्लीची कडी हुकाला जरा चिकटलीच होती. तिने ती ओढून काढली आणि लेकीसमोर ठेवली.

"तुमची काही चूक नाही. बाबांनी ही मला दिली होती, आत या म्हणाले होते. ते नऊ दिवस किल्ली इथंच होती, आणि मी गेले नाही."