चोळलेला खांदा

"गाठ हाताखाली आल्याशिवाय अंगठा उचलायचा नाही. माणूस कण्हलं तरी नाही."

सासूबाईंनी तिला मालिशचं काम शिकवलं ते या एका वाक्यावर. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, तरी तेलाचे तळवे एकमेकांवर घासले की तो आवाज तिच्या कानाशी यायचा. पाठ धरलेले हमाल, मान अवघडलेले कारकून, सगळे मागच्या खोलीतल्या बाकावर आडवे व्हायचे आणि हलके होऊन उठायचे. तिच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. तीही सकाळी देवापुढे हात जोडताना म्हणायची, हे हात तुझेच.

नणंदेचा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नणंद लाँड्रीत इस्त्रीवर होती. उजव्या हातानं दिवसाला दोनशे चादरी.

"वहिनी, फुकटचं गिऱ्हाईक आलंय बाई," ती बाकावर पालथी पडत म्हणाली.

"बोलू नका वन्सं. खांदा सैल सोडा."

खांदा सैलच होता. अंगठा सगळीकडे फिरला, गाठ कुठे लागेना. तिथेच थांबायला हवं होतं. पण तिला वाटलं, आपलाच हात कच्चा पडतोय. ती आणखी खोल गेली. पुढच्या आठवड्यात त्याहून खोल. पाचव्या आठवड्यात अंगठ्याखाली काहीतरी टणक आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती गाठ आपणच दाबून दाबून उठवली, हे तिला फार उशिरा कळलं.

"डॉक्टरांना दाखवू का गं? हल्ली जेवणही जात नाही," नणंदेनं एकदा विचारलं होतं.

"आता कुठे हाताखाली आलंय. आठ दिवस द्या मला."

आठ दिवस म्हणता म्हणता चौदा आठवडे झाले. मग नणंदेचे डोळे पिवळे पडले.

"खांद्याला काहीच झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोग यकृतात आहे. तिथली कळ आणि खांद्याची कळ मानेतून एकाच वाटेनं मेंदूकडे जाते. मेंदू फसतो, खांदा दुखतोय म्हणतो. तीन महिने आधी आला असतात तर काही हातपाय हलवता आले असते."

घरी येताना नवरा म्हणाला, "तू होतीस म्हणून माझ्या बहिणीला तेवढा तरी आराम पडला." आपणच आठ दिवस मागितले होते, हे तिनं त्याला सांगितलं नाही. शेजारणी भेटायला येऊन तेच म्हणाल्या. तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

रविवारी ती नणंदेचं अंग पुसत होती. कातडीखाली आता हाडंच लागत.

"वन्सं, रागावलात माझ्यावर?"

"रागवायलाही अंगात जोर लागतो गं." नणंदेनं पुसायला दुसरा हात पुढे केला. मग म्हणाली, "घडीवाली येते का अजून?"

घडीवाली म्हणजे लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणारी, नणंदेची मैत्रीण.

"येते. दर गुरुवारी. डावा दंड दुखतो."

"गाठ लागली?"

हातातलं फडकं थांबलं. "नाही."

"मला म्हणाली होती, जिना चढताना दुखतो. हातात गठ्ठा नसला तरी. बसली की थांबतो."

"सांगते तिला, डॉक्टरकडे जा म्हणून."

"नुसतं सांगून जायची नाही ती. माझ्याइतकाच तिचाही तुझ्या हातावर भरवसा. हसेल आणि बाकावर आडवी होईल." नणंदेला धाप लागली. "माझं सांग. चौदा आठवडे सांग. मी डॉक्टरचं विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस, तेही."

"मग दारात कुत्रंसुद्धा फिरकणार नाही माझ्या."

"नाही फिरकलं तर नाही. कबूल कर."

"आणि तुमच्या दादांना?"

"ते तू आणि तुझा देव बघून घ्या. हिला मात्र सांग. मी आहे तोवर सांग."

तिनं नणंदेचा पिवळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मान हलवली.

सोमवारी दुपारी तिनं बाकावर वाट पाहणाऱ्या हमालाला परत पाठवलं, हात साबणानं धुतले आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"लाँड्रीत. घडीवालीला भेटून येते."

"गुरुवारी येणारच आहे की ती."

"तेवढं थांबायला नको," ती म्हणाली. "आल्यावर तुमच्याशीही बोलायचंय."

ती पायऱ्या उतरली. लाँड्रीची जेवणाची सुट्टी व्हायला अर्धा तास होता. त्या वेळी सगळ्या बायका डबे घेऊन एकत्रच बसतात, हे तिला ठाऊक होतं. ती वाटेत कुठेही न थांबता चालत राहिली.