'रुसले!'

मुलांनो, आज डोळे मिटायचे नाहीत. उघड्या डोळ्यांनीच समोर आणा: तुमच्या छातीइतकं उंच, चार पायांचं एक जुनं टेबल. वर काच. काचेखाली उतरता रंगीत पट, त्यावर रबराची कडी चढवलेले खुंट, खऱ्या पितळी घंटा, आणि अगदी खाली दोन इवली पाती. उजवीकडचा दट्ट्या ओढून सोडला, की पोलादी गोळी सणसणत वर जाते आणि धडपडत, घंटा वाजवत खाली येते. ती खालच्या भोकात पडायच्या आत पात्याने परत उडवायची. एवढंच. पण एकदा हात बसला, की जेवायची हाक ऐकू येत नाही.

हे पिनबॉलचं यंत्र टिचकी नावाच्या मुलीच्या बाबांनी भंगारातून उचलून जिवंत केलं होतं. यंत्रं दुरुस्त करणं हेच त्यांचं काम. गोळी वळवायला टेबलाला हलकेच ढकललेलं चालतं. पण धसमुसळेपणा केला, की आत टांगलेला छोटा ओळंबा, म्हणजे सरळ लोंबणारं वजन, भोवतीच्या कड्याला टेकतो, पाती निर्जीव होतात आणि मागच्या काचेवर एक शब्द उजळतो. तो बाबांनी स्वतः रंगवला होता: 'रुसले!' मग बापलेक काचेवर तळवा ठेवून म्हणायचे, "बरं बाई, चुकलं आमचं." आणि पुढची गोळी यायची.

बाबा गेले. वर्कशॉप रिकामं करायचं, म्हणून मामाने यंत्र घरात आणलं. आता घरही लहान घ्यायचं होतं. खेळघराचे मालक संध्याकाळी यंत्र न्यायला येणार होते, पण चालत असेल तरच. नाहीतर पुन्हा भंगार.

आणि यंत्र सुरू केलं, की हातही न लावता शब्द पेटायचा.

"बाबांवर रुसलंय ते," टिचकी म्हणाली. "त्याला जायचं नाहीये."

"यंत्र कसलं रुसतंय!" मामा म्हणाला. "फुगवायला तुझ्यासारखं नाक कुठंय त्याला?"

कोणीच हसलं नाही. मामाही नाही.

आईने झाकण उघडून आत बॅटरी मारली. ओळंबा कड्याला टेकला होता. बराच वेळ बघून ती खाली बसली आणि टेबलाच्या पायांवरून तिने हात फिरवला.

"वर्कशॉपची फरशी एका अंगाला उतरती होती ना, म्हणून ह्यांनी डावे पाय उंच केलेत. इथली फरशी सपाट आहे. बिघडलेलं काही नाही गं. त्यांनी ठेवलं तसंच आहे."

"मग तसंच राहू दे!"

"तसंच ठेवलं तर भंगारात जाईल, बाळा." आईने पाना उचलला, पायाच्या बोल्टला लावला आणि तिचा हात थांबला. "ह्यांच्यानंतर कोणी पाना लावलेला नाही याला. माझ्याने नाही होत."

टिचकीने आईच्या हातातून पाना घेतला. बोल्ट घट्ट होता. मामाने टेबल जरा उचलून धरलं. एक पाय खाली बसला, मग दुसरा. ओळंबा कड्यापासून सुटला, झुलला आणि मधोमध येऊन थांबला. शब्द विझला.

दारावर थाप पडली.

"खेळ ना, एक गोळी तरी," आई म्हणाली.

टिचकीने दट्ट्या ओढला नाही. तिने कंबरेने टेबलाला जोरात धक्का दिला. 'रुसले!' पेटलं. काचेवर तळवा ठेवून ती म्हणाली, "बरं बाई, चुकलं आमचं," आणि दार उघडायला गेली.