शालूच्या डोक्यावरचा टोपला

मी टोपला बोलतोय. मला बोलायचं नव्हतं. बोईसरच्या या गोदामात सीरियलच्या भंगारात पडलोय, तर हमाल रूपेश रोज डोकं खातो, "त्या हिरोइनीचं सांग की!" ऐका एकदाचं.

डोंगरातल्या नवशाने मला विणलं आणि मुरबे गावच्या शालू कोळणीने डोक्यावर चढवलं. बोंबील, मांदेली, कोळंबी, सगळं वाहिलं. तिची मेघाली तान्ही असताना बाजार उठला की माझ्यातच झोपायची. तेव्हा नाक मुरडत नव्हती.

मोठी होऊन मुंबईला गेली, टीव्हीत दिसली. नाव बदलून स्वरा झाली. शालू गिऱ्हाइकाला सांगायची, "ती माजी पोर हाय."

गिऱ्हाईक म्हणायचं, "आन् मी राणी हाय! पापलेट दाखव."

मग पोरगी सीरियलीत कोळीण झाली. शालू टीव्हीपुढे चिडली. "भरला टोपला डोक्यावर, आन् मान बघ कशी हलवते! लोक हसतील माज्या पोरीला."

शूटिंग खाडीपलीकडे शिरगावच्या किल्ल्याजवळ आलं. शालूने मला ताज्या मासळीने काठोकाठ भरलं आणि नेलं. खरं वजन असलं की मान आपोआप सरळ राहते, एवढंच तिच्या मनात. वासाचं तिला सुचलंच नाही. कोळणीला मासळीचा वास येतो कधी?

सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. डायरेक्टर ओरडला, "ये कौन है?"

मेघालीने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "गावातली मच्छीवाली आहे. सामान द्यायला आली असेल."

शालूने मला खाली ठेवलं.

"होय ताई, टोपला द्यायला आलते. मान तेवडी सरळ ठेवा."

पोटच्या पोरीला ताई! माझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळही माझ्यातच टाकून बाई एकटी खाडी ओलांडून घरी गेली.

मला फिनेलने धुतलं, प्लास्टिकचे पापलेट भरले. मेघालीने आईचीच चुंबळ डोक्यावर ठेवली, वर मला घेतलं. मान सरळ होती. सीनमध्ये रडायचं नव्हतं, तरी रडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणे, काय ॲक्टिंग!

अंगाचा फिनेलचा वास अजून जात नाही. रूपेश मुरब्याचाच. सांगतो, शालू आता प्लास्टिकच्या टबात मासळी विकते. कुणी सीरियलीचं काढलं तर म्हणते, "मी टीव्ही बघत नाय." पोर अजून फिरकली नाही.

कॅमेऱ्यापुढचं रडणं मी धरत नाही. मुरब्याच्या बाजारात, चार गिऱ्हाइकांदेखत शालूला आई म्हणून हाक मारून तिची माफी मागायला हवी. ती स्वराने मागून चालणार नाही. मागायची ती मेघालीने.