बर्फातलं बाळंतपण

वसुधेला नोकरी हवी होती, तीही झाडांमधली. नागपूरची बॉटनीतली एमएस्सी कोलोरॅडोत आल्यापासून नुसती पडून होती, आणि नवऱ्याची, श्रीरंगची पीएचडी काही संपायचं नाव घेत नव्हती. अखेर गावातल्या नर्सरीच्या मालकीणबाईंनी, मिसेस हॅन्सन यांनी, तिला मॉस कॅम्पियनचं चिमूटभर बी दिलं. इथल्याच उंच डोंगरमाथ्यांवर उशीसारखं गोल, घट्ट वाढणारं हे झाड. मे महिन्यात रोपं दाखव, मग नोकरीचं बोलू, असं त्या म्हणाल्या.

जानेवारीत वसुधेनं बी पेरलं आणि कुंड्या मागच्या अंगणात बर्फात ठेवल्या. कडाका सोसल्याशिवाय हे बी उगवत नाही. पण पुण्याहून आलेल्या सासूबाईंना, मालिनीबाईंना हे सांगायचं राहूनच गेलं. मालिनीबाई म्हणजे अख्ख्या आळीतल्या बाळंतिणींना शेकशेगडी देऊन हात बसलेली बाई! सून बाहेर पडताच त्यांनी कुंड्या आत आणल्या, हीटरपाशी मांडल्या, कोमट पाणी शिंपडलं आणि वर श्रीरंगचा मफलर पांघरला. धुरी तेवढी द्यायची बाकी होती.

ते पाहून वसुधेला रडूच कोसळलं. तिनं कुंड्या परत बर्फात नेल्या. मालिनीबाईंनी तोंड फुगवलं. पोरीला माया म्हणून नाही, असं लेकाला ऐकवलंही. एप्रिलमध्ये हिरवे ठिपके दिसले तेव्हा मात्र रुसवा कुठल्या कुठे पळाला. मग त्या रोज चष्मा पुसून रोपं बघू लागल्या आणि सुनेला हजार प्रश्न विचारू लागल्या.

मिसेस हॅन्सन यायच्या आदल्या संध्याकाळी, भर मे महिन्यात, बर्फ पडायला लागला. एवढी शिकलेली वसुधा, पण तिचा धीर सुटला. टॉवेल घेऊन ती अनवाणीच दाराकडे धावली. मालिनीबाईंनी तिचा दंड धरला.

"थांब. तूच म्हणालीस ना, ती थंडीचीच लेकरं आहेत? राहू देत बाहेर."

"आई, ती गेली तर माझा जॉबही गेला हो."

"काही जात नाहीत."

सकाळी ऊन पडलं, बर्फ वितळला. रोपं होती तशीच, घट्ट आणि टवटवीत. मिसेस हॅन्सननी वाकून एकेक कुंडी पाहिली आणि सोमवारपासून कामावर यायला सांगितलं.

वसुधेनं ते मराठीत सांगितलं, तेव्हा मालिनीबाईंनी आधी कुंड्यांवरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली, आणि मग सुनेवरून.