उज्वलाने वाचून न दाखवलेला अर्थ

मी एक शब्दकोश बोलतोय. 'इंग्रजी-मराठी, शास्त्रीय व वैद्यकीय शब्दांसह' असं माझ्या कपाळावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. आता त्यातलं 'शब्दांसह' एवढंच वाचता येतं. गोष्टीच्या पुस्तकांना लोक छातीशी धरून झोपतात. माझ्याकडे माणूस येतो तो अडल्यावर, आणि काम झालं की पाठ फिरवतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यातलं गाढव कोण, ते मला कुणी सांगायला नको.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यातला. पहिले मालक गिरगावातले एक मास्तर. दरवर्षी मला नवं तपकिरी कव्हर घालायचे आणि दसऱ्याला पाटावर बसवून हळदकुंकू वाहायचे. मास्तर गेले, मुलांनी कपाट रिकामं केलं आणि मी जुन्या वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत गेलो. तिथून मशीद बंदरच्या दाणाबाजारात. तिथे एका दुकानात माझी पानं फाडून हिंगाच्या पुड्या बांधायला सुरुवात झाली. नशिबानं पुड्या बांधणाऱ्यानं शेवटाकडून सुरुवात केली होती. झेडची दोन पानं गेली. झेडवाचून कुणाचं फारसं अडत नाही, म्हणून मीही ते मनाला लावून घेतलेलं नाही.

तेवढ्यात पाठीवरची गोणी उतरवून एक माथाडी तिथे थांबला. "आरं, पुस्तक फाडत्यात व्हय? सरस्वती हाय ती," म्हणाला आणि शेठला विचारून मला घरी घेऊन गेला. तो कृष्णात, पाटणकडचा. स्वतः चौथी शिकलेला. त्याची लेक उज्वला तेव्हा शाळेत होती आणि तिच्या हातात मी मावतही नव्हतो.

पुढे दाणाबाजार नवी मुंबईत हलला आणि बाजारामागून माणसंही हलली. कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत कृष्णातला खोली मिळाली. टेम्पोत मी स्टोव्ह आणि हंड्याच्या मध्ये, बारदानात गुंडाळलेला होतो. तेव्हाचं कोपरखैरणं म्हणजे अर्ध्या उभ्या राहिलेल्या बिल्डिंगी, मोकळे प्लॉट आणि खाडीवरून येणारा चिखलाचा वास. संध्याकाळी दार उघडं राहिलं की डासच घरमालक. त्या घरात माझ्यातून शोधलेला पहिला शब्द 'मलेरिया' होता. हिवताप, असं उज्वलाने मोठ्याने वाचलं, आणि अंगावर तीन चादरी घेऊन कुडकुडणारी तिची आई राजाबाई म्हणाली, "ते मला कळतंय की, पुस्तक कशाला पायजे?"

राजाबाईंना माझं कौतुक होतं, पण त्यांच्या पद्धतीनं. एकदा त्यांनी मला लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलं. एमच्या पानांवर अजून तेलाचा डाग आहे.

माझे खरे दिवस सुरू झाले ते उज्वला अकरावीला गेल्यावर. दहावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीत आणि वाशीच्या कॉलेजात सायन्स इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात ती रोज रडत घरी यायची. वर्गातली मुलं पटापट माना हलवायची आणि हिला फळ्यावरचं अक्षरही ओळखीचं वाटायचं नाही. मग एके दिवशी दप्तर टाकून तिने मला समोर ओढलं आणि 'ऑस्मोसिस' शोधला. तिचं बोट ओळीवरून सरकलं, थांबलं आणि ती हसली. "अगं आई, हे तर आपलं परासरण!"

नंतर रोज तेच. न्यूक्लिअस म्हणजे केंद्रक निघाला, फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण. शाळेतली ओळखीची माणसं परगावी कोट-टाय घालून भेटावीत, तसं तिला वाटत असावं. ती वाचायची, आणि कृष्णात दिवसभर गोण्या वाहून आलेला, भिंतीला टेकून ऐकायचा. "आज किती शब्द झालं?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. पंधरा म्हटलं तर म्हणायचा, "पंधरा? आमची टोळी एवढ्या येळात गाडी खाली करती." त्या दोन वर्षांइतका मी कधीच उघडला गेलो नाही. आजही कुणी माझं पान उलटलं की मला आधी ती खोली आठवते, आणि भिंतीवर कृष्णातच्या पाठीनं पडलेला तेलकट डाग आठवतो.

बिल्डिंगीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दवाखान्याचा कागद हातात पडला की लोक आमच्याकडे येऊ लागले. डॉक्टर घाईत असतात, कागद इंग्रजीत असतो आणि आपल्या पोटात काय चाललंय हे माणसाला कळायला हवं असतं. उज्वला आधी इंग्रजी शब्द वाचायची, मग माझा मराठी अर्थ, मग साध्या भाषेत समजवायची. हे तिसरं काम फार महत्त्वाचं. माझं मराठीही काही सोपं नाही, हे मी कबूल करतो. वरच्या मजल्यावरचे बाबासो, कृष्णातच्या टोळीचे मुकादम, पोट धरून आले तेव्हा तिने वाचलं, "अपेंडिसायटिस, म्हणजे आंत्रपुच्छदाह."

"पुच्छ?" बाबासो उठून उभेच राहिले. "मला शेपूट हाय?"

आतड्याला छोटं शेपटासारखं असतं, सगळ्यांनाच असतं, असं सांगून तिने त्यांना शांत केलं. ऑपरेशनपेक्षा त्या शेपटाचंच टेन्शन त्यांनी जास्त घेतलं होतं.

उज्वला बारावीत असताना, दसरा झाल्यावर, कृष्णातला घास गिळायला त्रास होऊ लागला. आधी भाकरी बंद झाली, मग भातही पेज करून घ्यावा लागे. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मायलेकी दोघीच गेल्या. डॉक्टरांनी काहीतरी भराभर सांगितलं, ऑपरेशनची वेळ निघून गेलीय एवढं उज्वलाला समजलं. घरी येऊन तिने मला उघडलं. सीचं पान. 'कार्सिनोमा.' पुढे माझा अर्थ छापलेला होता, कर्करोग. मी तो बदलू शकलो असतो तर त्या दिवशी बदलला असता.

राजाबाईंनी तिचा हात धरला. "त्यांस्नी सांगू नगंस. आपल्यात पेशंटला सांगत न्हाईत. धीर सुटला की मानूस आधीच जातं."

कृष्णात मोरीतून तोंड धुऊन आला आणि नेहमीसारखा भिंतीला टेकला. "वाच बघू, काय म्हनतंय तुझं पुस्तक?"

उज्वलाने मला मांडीवर घेतलं. बोट होतं त्याच शब्दावर. ती म्हणाली, "अन्ननलिकेला सूज, आबा. औषधानं उतरते."

एवढ्या वर्षांत माझ्याकडे बघून कुणी खोटं वाचलं नव्हतं. मला राग आला. मग तिने तो शब्द तळव्याखाली झाकला आणि माझा राग गेला.

"सूज व्हय? मग उतरंल की," कृष्णात म्हणाला.

चार-पाच दिवसांनी दुपारी घरात कुणी नव्हतं. उज्वला कॉलेजात, राजाबाई रेशनच्या रांगेत. कृष्णातने कपाटातून रिपोर्ट काढला, मला खाली घेतलं आणि उन्हात मांडी घालून बसला. सगळ्यांना वाटायचं, त्याला इंग्रजी येत नाही. येत नव्हतंच. पण वीस वर्षं त्याने गोण्यांवरचे मार्के बघून माल लावला होता. कुठल्या व्यापाऱ्याची कुठली गोणी, कुठल्या थप्पीला लावायची, हे सगळं त्या इंग्रजी अक्षरांवरून चालायचं. वाचता आलं नाही तरी अक्षराला अक्षर जुळवताना त्याची कधी चूक झाली नव्हती. रिपोर्टवर ठळक छापलेल्या शब्दावर त्याने डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि उजव्या हाताने माझी पानं उलटू लागला. एकेक अक्षर, एकेक ओळ. बराच वेळ गेला. घाई नव्हती त्याला.

शब्द जुळला. पुढचा अर्थ मराठीत होता आणि मराठी त्याला वाचता येत होतं.

उन्हाचा पट्टा माझ्यावरून सरकून फरशीवर जाईपर्यंत तो तसाच बसला. मग पंच्याने मला पुसलं, होतो तिथे, होतो तसंच ठेवून दिलं आणि चपला घालून बाहेर गेला. संध्याकाळी उज्वला आली तेव्हा म्हणाला, "आज किती शब्द झालं?"

पुढचे चार महिने मी त्या खोलीत गुदमरून काढले. लेक बापाला सांगायची, आज चेहरा बरा दिसतोय. बाप म्हणायचा, सूज उतरतीया वाटतं. मला दोघांचंही ठाऊक, आणि मला तोंड नाही. मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली, मी पिशवीतून तिच्याबरोबर सेंटरवर जाऊ लागलो. शेवटचा पेपर संपवून ती घरी आली त्या दिवशी कृष्णातची वाचा गेली होती. तो नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्यानंतर कुणी रिपोर्ट घेऊन आलं की उज्वला सांगायची, पुस्तक हरवलं. मी माळ्यावर होतो, जुन्या गोधड्यांखाली. ती पास झाली, लॅबचा कोर्स केला, वाशीत एका लॅबमध्ये लागली. दिवसभर असलेच कागद तिच्या हातांखालून जायचे, पण अर्थ ती कुणाला सांगत नसे. डॉक्टरांना विचारा, म्हणायची. चार वर्षं मी अंधारात होतो. झुरळांनी माझ्या बांधणीची खळ खाल्ली. खाली वसाहत बदलत होती, नव्या बसगाड्या सुरू झाल्याचं, मोकळे प्लॉट भरल्याचं बोलणं वर ऐकू यायचं.

नव्व्याण्णव साली एका रविवारी राजाबाईंनी माझ्यावरची गोधडी काढली आणि मला खाली आणलं. खाली कोपरखैरणे गावातली जमुना बसली होती, आमच्या बिल्डिंगीत मासळी विकायला येणारी. बाजूला तिचा नवरा गणू. त्याच्या गळ्याला मफलर होता, बाहेर ऊन असूनही. जमुनाने उज्वलाला स्वयंपाकघरात नेलं.

"पोरी, यो रिपोट जरा बघ गो. पन त्यांना काय बोलू नको. कायतरी बारीकसा सांग."

उज्वलाने रिपोर्ट वाचला आणि घडी करून जमुनापुढे धरला. ती नाही म्हणणार होती. एवढ्यात बाहेरून गणू बोलला, "पोरी, मना सांग. आंग माझा, दुखना माझा. मना नाय सांगनार, त मंग कोनाला?"

ती बाहेर आली, त्याच्यासमोर बसली आणि मला उघडलं. सीचं पान चार वर्षांनी उघडलं होतं. या वेळी तिने तेच वाचलं जे छापलं होतं. मग हेही सांगितलं की आजार गळ्याचा आहे, सुरुवातीचा आहे, लगेच गेलं तर उपचार होतो, आणि कुठे जायचं ते कागदावर लिहून दिलं.

गणूने तो कागद घडी करून खिशात ठेवला. "बरा केलास. आता होडीचा काय ता सूरजला सांगून ठेवतो. मंग जातो दवाखान्यान." सूरज त्याचा मुलगा. जमुना पदरात तोंड घालून रडत होती, आणि गणूच तिला उठवून घेऊन गेला.

दार लागलं आणि उज्वलाने मला तसंच उघडं ठेवून भिंतीशी बसकण मारली. "आई, आबांनाही कुणाला काही सांगून ठेवायचं असेल. मी त्यांना फसवलं. शेवटपर्यंत फसवलं."

राजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"त्यांस्नी ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

मी चकित झालो. मला वाटत होतं, हे फक्त मलाच माहीत आहे.

"रिपोट आनल्याच्या चार-पाच दिसांनी, दुपारी त्यांनी मला रेशनच्या रांगेत गाठलं. म्हनले, त्या पुस्तकात मार्का जुळवून बघितला. मी रडाय लागले तर म्हनले, इथं नगं, लोक बघत्यात. दुसऱ्या दिसापास्नं तू कालेजात गेलीस की खाली बिल्डिंगीच्या वट्यावर मला सही शिकवाय बसायचे. माथाडी बोर्डाच्या पैशाच्या कागदांवर माझी सही लागंल म्हनून. धा-धा येळा लिवून घ्यायचे. गावाकडचा बांध कुठवर हाय, कुनाकडं काय बोलायचं, समदं सांगून ठेवलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनले, सांगूया पोरीला. तर म्हनले, ती माझ्यासाठी येवढं जड वझं उचलतीया, मधीच हात लावला तर तिचा तोल जाईल. पेपर हुं द्यात, मग मीच सांगतो, की पोरी, मला कळलं हुतं आन् तुझा राग न्हाई." राजाबाईंनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. "पेपर झालं तवा त्यांस्नी बोलता येईना. तुझ्याकडं बघत ऱ्हायले ना त्या दिवशी, ते तेच सांगत हुते."

"आणि तू? चार वर्षं, आई."

"मला वाटलं, आपुन बापाला धीर दिला, येवढं तरी तुझ्यापाशी ऱ्हावं. ते बी कशाला काढून घेऊ?"

उज्वला आईच्या कुशीत शिरली आणि चार वर्षांचं रडली. मी शेजारी उघडा पडलो होतो. माझ्या पानावर दोन थेंब पडले ते कुणाचे, मला सांगता यायचं नाही.

आता मी माळ्यावर नाही, टीव्हीशेजारी आहे. पाठ चिकटपट्टीनं बांधलीय, पानं पिवळी पडलीत, आणि लॅबमधले लोक म्हणतात की आता सगळे अर्थ कॉम्प्युटरवर मिळणार. मिळू देत. माझं फार काही राहिलेलं नाही. रविवारी लोक पुन्हा येऊ लागलेत. उज्वला मला उघडण्याआधी आजारी माणसालाच विचारते, "तुम्हाला सांगू का?"

वाचकहो, जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या घरात असा एखादा कागद आला, तर ज्याचा आहे त्याला विचारून घ्या, आणि वेळ आहे तोवर विचारा. कृष्णातने लेकीला सांगायचं ठरवलेलं वाक्य अगदी साधं होतं. माझ्यात नसलेला एकही शब्द त्यात नव्हता. तरी ते तिच्यापर्यंत यायला चार वर्षं लागली, आणि आलं ते दुसऱ्याच्या तोंडून.

माझा नमस्कार घ्या. राजाबाई येताहेत. हल्ली दुपारी त्या मला मांडीवर घेतात आणि सुरुवातीच्या कोऱ्या पानावर, जिथे मास्तरांचं नाव आहे, त्याच्या खाली सावकाश आपली सही करतात.