तीन ठोके

आईच्या घरात जिन्याखाली, कांद्यांच्या टोपलीशेजारी, लेकीने ते यंत्र बसवलं होतं. डब्याएवढं, जमिनीला घट्ट धरून बसलेलं. जमीन जरा हलली की तिची रेघ थेट लेकीच्या कचेरीतल्या पडद्यावर उमटायची.

"याला काय काय कळतं गं?" आईने तेव्हा विचारलं होतं.

"सगळं. तू पाय आपटलास तरी मला तिकडे दिसेल."

"म्हणजे माझ्यावर पाळत!" आई हसली होती. "बरंच झालं. फोन तर तू उचलत नाहीस."

मोठा भूकंप कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. पण आलाच तर कुठली गल्ली किती हलेल, याचं गणित लेक मांडत होती. खडकावरची घरं थोडकी हलतात, गाळावरची जास्त. आणि आईचं घर आटलेल्या नदीच्या गाळावर. जास्त म्हणजे किती? तिचं गणित म्हणायचं, दुप्पट. ते पडताळायला एक खरा धक्का हवा होता. छोटासाच, कुणाचं काही न बिघडवणारा. मनातल्या मनात तिने तो कितीदा मागितला होता.

मंगळवारी सकाळी तो आला. खुर्च्या डुलल्या, चहा बशीत सांडला. शेजारच्या टेबलावरचा गणिती ओरडला, "लागली लॉटरी! आईच्या घराची रेघ बघ!"

रेघ देखणी होती. खडकावरच्या रेघेच्या तिप्पट उंच, आणि झोका सोडून दिल्यावरही झुलत राहावा तशी लांबलेली. फक्त शेवटाकडे एक जाड धप्प, आणि मग ठोके. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन.

"हे काय मधेच?"

"आई," ती हसली. "पडलेली भांडी आवरत असेल. स्वस्थ बसणाऱ्यातली नाही ती."

म्हणजे आई ठीक आहे. फोन नंतर करू.

माणसांच्या हालचालीला त्यांच्या कामात गोंगाट म्हणतात, आणि गोंगाट काढल्याशिवाय रेघ गणितात घेता येत नाही. तांदळातला खडा वेचावा तितक्या हळुवारपणे तिने ते ठोके काढून टाकले. दुपारी नकाशावरची आईची गल्ली पिवळ्याची लाल झाली. ती त्या लालीकडे बघत असतानाच आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला.

इस्पितळात आईचा पाय वजन लावून टांगलेला होता. खुबा मोडला होता.

"फोन राहिला स्वयंपाकघरात, नि मी जिन्याशी आडवी," आई सांगत होती. "म्हटलं, घाबरायचं कशाला? डबा शेजारीच आहे, लेक तिकडे बघतेय. काठी हाताशी होती, बसले ठोकत. पार हात भरून आला बघ. दिसलं ना तुला? म्हणूनच काकूंना पाठवलंस ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. किती सोपं होतं ते.

"नाही गं आई. काकू आपणहून आल्या. मला दिसलं होतं. वाटलं, भांडी लावतेयस. मी ते... पुसून टाकलं."

आई चादरीची एक सुरकुती बोटांनी सारखी करत राहिली.

"भूकंपाचं तरी नीट मिळालं का?"

"मिळालं."

"हं."

आईने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने पलंगाच्या लोखंडी कडेवर तिचं बोट वाजलं. एकदाच. लेक पाण्याचा पेला घेऊन उठली होती. दुसऱ्या ठोक्याची वाट बघायची तिची छाती नव्हती.